पिंडरांची हिल्डा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा कोंडवाडा दिसतो. छातीएवढी गोल दगडी भिंत, आत गवत, एक लाकडी फाटक. आजी भांडी घासताना तिथंच नजर लावून उभी असायची. फाटकापाशी बेरिलमामी, तिच्या गळ्यात लाल फितीला अडकवलेली कोंडवाड्याची किल्ली, आणि समोर कुणीतरी कॅनडाचे नाहीतर न्यूझीलंडचे पाहुणे.

"बघ," आजी म्हणायची. "आता भिंतीवर हात ठेवील. आता म्हणेल, आमच्या पूर्वजांनी रचली."

मामी भिंतीवर हात ठेवायची.

"आमच्या म्हणे. हिच्या बापाचं हल बंदरात मासळीचं दुकान. हिचे पूर्वज कॉड मासे सोलत होते."

आणि हातातली ताटली अशी घासायची, की आमच्या ताटल्यांवरची निळी फुलं पार फिकी पडलीत. खोटं वाटत असेल तर घरी येऊन बघा.

आजी म्हणजे हिल्डा बर्डसॉल, माझ्या बाबांची आई. मी केझ. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, टायरच्या दुकानात काम करते, आजीजवळ राहते. बेरिल ही आजीच्या धाकट्या भावाची, आर्नल्डची बायको. बाबांची मामी, म्हणून आम्ही सगळेच तिला मामी म्हणतो. गावात लोक आजीबद्दल बोलतात, की म्हातारी खाष्ट आहे, भावजयीचा दुस्वास करते. करतेच. पण का करते ते त्यांना नीट माहीत नाही, म्हणून सांगायला बसलेय.

आजी जन्मानं पिंडर. पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला. पूर्वी आमच्या देशात आडनावं नव्हतीच. एका गावात पाच जॉन, राजाच्या माणसांना कळेना कर कुणाकडून घेतला आणि कुणाकडून राहिला. मग लोक म्हणायला लागले, गिरणीवाला जॉन, विलचा जॉन, लाल केसांचा जॉन, आणि तो जॉन जो सुटलेली जनावरं धरून कोंडतो. पोराला बापाचं काम मिळो न मिळो, नाव चिकटलं. पुढं शेतांना कुंपणं पडली, जनावरं भटकायची थांबली. पिंडर मंडळी कापडगिरण्यांत गेली, कोळशाच्या खाणीत गेली, बोटीत बसून समुद्रापार गेली. नाव बरोबर नेलं, काम इथंच राहिलं. म्हणून तर ते पाहुणे येतात, आपलं नाव कुठून निघालं ते बघायला.

आमच्या केल्डथॉर्पमध्ये काम अजून आहे, कारण आम्ही जुनं गावकोर्ट सोडलं नाही. दर ऑक्टोबरात ते पबच्या माडीवर भरतं. बिअर चाखणारा नेमतात, कुंपणं बघणारा नेमतात आणि पिंडर नेमतात. पिंडर आडनावाचाच माणूस पिंडर व्हायचा हा रिवाज. कुठं लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही.

आमचं बर्डसॉल त्यापुढं काहीच नाही. वर टेकड्यांत बर्डसॉल नावाचं गाव आहे. तिथून कुणीतरी निघून आलं, लोक म्हणाले हा बर्डसॉलकर. झालं आडनाव. आजी म्हणायची, "तुमचं नाव म्हणजे नुसता पत्ता. आमचं नाव म्हणजे काम." हे ती आजोबांच्या देखत म्हणायची. आजोबा हसायचे. मला कधी हसू आलं नाही. तुमचं काय, आमचं काय. एकाच टेबलावर जेवत होतो.

तिचा बाप जेबेझ पिंडर. त्याला पोरगी आधी झाली आणि पोरगा खूप उशिरा, त्यामुळं जनावरांमागं पोरगीच धावली. मेंढा शिंगाला नाही, हनुवटीखाली धरायचा. गायीपुढं कधी धावायचं नाही, शेजारून चालायचं, जणू आपणही तिकडंच निघालोय. हे सगळं ती अशी शिकली, जशी दुसरी पोरं सायकल शिकतात. चौदाव्या वर्षी तिनं सुटलेला बैल नाकातल्या कडीला धरून चर्चच्या आवारातून बाहेर आणला, तेव्हा आत कुणाचं तरी बारसं चाललं होतं आणि पाद्री पाणी हातात घेऊन तसाच उभा राहिला होता.

तिच्या लग्नाच्या दिवशी सकाळी एक डुकरीण सुटली. आजीनं पांढरा झगा कमरेला खोचला, डुकरीण कोंडली आणि चिखलाच्या बुटांनी चर्चमध्ये गेली. शिरताना पिंडर होती, बाहेर आली ती बर्डसॉल. त्याच दिवशी बापानं किल्ली आर्नल्डच्या हातात दिली. आर्नल्ड पोरसवदा होता आणि बदकांना घाबरायचा.

मग पुढं वर्षानुवर्षं पिंडर आर्नल्ड, आणि जनावर सुटलं की फोन आमच्याकडं. आजी धरून आणायची, आर्नल्ड कुलूप लावायचा. भाऊ होता म्हणून तिनं चालवून घेतलं. तो वारला. मूलबाळ नव्हतं. गावात पिंडर नावाचं एकच माणूस उरलं, ते म्हणजे त्याची बायको. कोर्टानं किल्ली बेरिलमामीच्या गळ्यात घातली. मामीनं फीत स्वतः विकत आणली, लाल. त्या दिवसापासून आजीच्या पोटातला जाळ विझलेला नाही.

यंदा उन्हाळ्यात मामी आमच्याकडं चहाला आली. अशी कधी येत नाही. ओठांना रंग लावला होता.

"हिल्डा, मी लग्न करतेय," ती म्हणाली. "गॉर्डनशी. गॉर्डन टास्कर. हलला बस चालवायचा, आता निवृत्त आहे."

आजीनं केक कापता कापता सुरी थांबवली. "या वयात?"

"या वयात. बागेतलं गवत कापायला माणूस ठेवण्यापेक्षा बरं."

"आणि नाव?"

"टास्कर लावणार. ज्याच्याबरोबर राहायचं त्याचं नाव. मी तर एकदा बदललंच, दुसऱ्यांदा काय जड आहे."

"मग पिंडर कोण?"

मामीनं चहा ढवळला. "तेच सांगायला आले. अ‍ॅप्लयार्ड म्हणतो, नाव नाही तर नेमणूक नाही. किल्ली शहरातल्या संग्रहालयात जाईल. काचेच्या पेटीत."

अ‍ॅप्लयार्ड म्हणजे आमचा खाटीक, गावकोर्टाचा अध्यक्ष. मामी गेल्यावर आजीनं कप विसळून ठेवले. मग म्हणाली, "केझ, तुझी गाडी शुक्रवारी मोकळी आहे का? शहरात वकिलाकडं जायचंय."

"कशाला?"

"नाव बदलायला. परत पिंडर लावते."

मला वाटलं मस्करी करतेय. ती मस्करी करत नव्हती.

"आणि आजोबा?" मी म्हटलं.

"त्यांना काय? ते गेले."

"गेले म्हणून काय झालं? कबरीवर दगड आहे त्यांचा. वर क्लिफर्ड बर्डसॉल कोरलंय आणि खाली तुझ्यासाठी जागा सोडलीय. त्यांनीच सोडायला सांगितली होती. तिथं काय लिहायचं?"

"जागा पुरेल," ती म्हणाली. "पिंडर छोटं नाव आहे."

मी ताटली आपटली नाही, पण आपटावीशी वाटली. "म्हणजे इतकी वर्षं आमच्यात पाहुणी होतीस होय? आता घरी निघालीस?"

"तुला नाही कळायचं. तुला पहिल्यापासून एकच नाव आहे."

"ते नाव तुझंच आहे. तुझ्याकडूनच आलंय माझ्याकडं."

"माझ्याकडून नाही, क्लिफर्डकडून."

"मी नेणार नाही गाडी," मी म्हटलं. "बसनं जा."

बस मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या दारावरूनच जाते.

मला तेव्हा कळलं की मी कशावर जळतेय. मामीवर नाही. त्या नावावर. एका नावासाठी माझी आजी आम्हाला सोडून जायला तयार होती, आणि ते नाव माझ्याकडं नव्हतं. टायर बदलताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. शेवटी एका संध्याकाळी कामावरून तशीच, काळ्या हातांनी, मामीच्या दारात गेले.

"तू नाव ठेव ना तुझं," मी म्हटलं. "लग्न कर, पण पिंडर राहा. किल्ली ठेव. म्हणजे आजीला काही करावं लागणार नाही."

मामी खोक्यांत भांडी भरत होती. "आत ये. बूट काढ. हात कशाला लावू नकोस." मग म्हणाली, "मला नको आहे ते नाव, पोरी. कधीच बसलं नाही अंगाला. तुझी आजी मला अजून हलवाली म्हणते ना?"

"म्हणते."

"तोंडावर पण म्हणते. जनावर सुटलं की गाव फोन तिला करणार. ती शेतातून अशी येणार, पुढं मेंढा, मागं ती, गाल लालबुंद. आणि मी फाटकापाशी नटून उभी. किल्ली माझ्या गळ्यात आणि हाक तिला. आर्नल्ड दवाखान्यात होता शेवटी, तेव्हा झोपेत काय म्हणायचा माहितेय? हिल्डा, मेंढा सुटला. एकदाही बेरिल नाही."

मला हे नवीन होतं. मला वाटायचं, जळणारं माणूस आमच्या खिडकीतच आहे.

"आणि मला पिंडर केलं तो दिवस आठवतो?" मामी म्हणाली.

मला आठवत नव्हता, मी तेव्हा कामावर होते. तर त्याचं असं असतं. नव्या पिंडरला त्याच दुपारी कोंडवाड्यात कोंडतात, एका मेंढीबरोबर. बाहेरून तीनदा विचारतात, हे जनावर कुणाचं? घरच्या माणसानं पुढं यायचं, आमचं म्हणायचं, पाव द्यायचा आणि सोडवून न्यायचं. जनावराच्या मालकाला जे करावं लागतं तेच. म्हणजे पुढं कुणाचं जनावर कोंडताना पिंडरला आठवावं, आत कसं वाटतं.

"आर्नल्ड नाही, मूल नाही," मामी म्हणाली. "तीनदा विचारलं. कुणी आलं नाही. अंधार पडेपर्यंत मेंढीशेजारी उभी होते. शेवटी अ‍ॅप्लयार्डला दया आली, त्यानं दुकानातून पाव आणला. आणि तुझी आजी खिडकीत होती. दिवा लावून. मला दिसत होती."

आजीच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं नेहमी काहीतरी असतं. त्या दिवशी नव्हतं. तरी म्हटलं, "तिचं दुखणं वेगळं होतं."

"हो," मामी म्हणाली. "माझं दुखणं कोंडवाड्यात उभं होतं, तिचं खिडकीत होतं."

सप्टेंबरात मामीचं लग्न झालं. आजी गेली, टोपी घालून गेली, आणि फोटोत सगळ्यांत मागं उभी राहिली. वकिलाकडं मात्र ती गेली नाही. मंगळवारची बस गेली, शुक्रवारची गेली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमच्यात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं राहिलं होतं.

कोर्ट शनिवारी दुपारी भरलं. पबची माडी भरलेली, पाहुण्यांपैकी कॅनडाचं एक जोडपं पण कोपऱ्यात. मामी गॉर्डनला घेऊन हलहून किल्ली परत करायला आली होती. बिअर चाखणारा झाला, कुंपणवाला झाला. मग अ‍ॅप्लयार्डनं घसा साफ केला. "पिंडर आडनावाचं कुणी आहे का इथं?"

कॅनडावाला खुर्चीत हलला, त्याच्या बायकोनं त्याची बाही धरली. आजी उठली.

"हिल्डा," अ‍ॅप्लयार्ड अगदी हळू म्हणाला, "तू बर्डसॉल आहेस."

"मी जेबेझ पिंडरची आहे."

"ते कोण नाही म्हणतंय? पण उद्या कुणी म्हणेल माझी आई पिंडर, कुणी म्हणेल पणजी. कुठं थांबायचं? रिवाज नावाचा आहे."

आजी नुसती उभी राहिली. तिच्याकडं सांगण्यासारखं एवढंच होतं आणि ते तिनं सांगून झालं होतं. खरं म्हणजे मी उठून भांडायला हवं होतं. कुणी तिला नुसतं वाकडं बोललं तरी मी भांडते. पण माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, किल्ली नाही मिळाली तर नाही. काचेच्या पेटीत जाऊ दे आणि ही आमच्याकडं राहू दे. तो कोपरा चांगला मोठा होता.

तेवढ्यात मामी बोलली. बसल्या जागेवरून.

"अ‍ॅप्लयार्ड, जुलैत तुझी डुकरीण पाद्रीबाईच्या वाटाण्यात शिरली. फोन कुणाला केलास?"

"हिल्डाला."

"किल्ली कुणाकडं होती?"

"तुझ्याकडं."

"मग मला का नाही केलास?"

"बेरिल, तू... तुझे बूट ते तसले असतात."

माडी हसली. मामी पण हसली. "पाहुण्यांना मी तीन वर्षं एकच गोष्ट सांगत आलेय. या साहेबांना सकाळीच सांगितली. पहिला पिंडर जन्मानं पिंडर नव्हता. त्याला आडनावच नव्हतं. गावानं त्याला फाटकावर उभं केलं, जनावर सुटलं की त्याला हाक मारली, आणि हाका मारून मारून त्याचं नाव पडलं. मग तुम्ही आज हाक कुणाला मारता? तोच रिवाज, आणखी जुना."

"हे तू आधी का नाही बोललीस?" मागून कुणीतरी विचारलं.

"आधी किल्ली माझ्याकडं होती," मामी म्हणाली.

हात वर झाले. अ‍ॅप्लयार्डचा सगळ्यांत आधी. आजी पिंडर झाली, बर्डसॉल राहूनच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिना उतरताना ती माझ्या कानाशी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली. "तिनं दिली मला. माझ्या बापाची किल्ली मला हलवालीनं दिली. हे कसं गिळायचं सांग."

कोंडवाड्यापाशी सगळे जमले. मेंढी आधीच आत होती. आजी आत गेली, मामीनं बाहेरून कुलूप लावलं. मामी जुनी पिंडर, म्हणजे विचारायचा मान तिचाच.

मी आजीकडं बघत होते. ती भिंतीला टेकून उभी होती, एक हात मेंढीच्या पाठीवर. चेहरा सैल पडला होता. आमच्या घरात मी तिला अशी कधी बघितली नाही, आजोबा असतानाही नाही. ती तिथं आपल्या घरी होती. मला इतका राग आला की मी खिशात हात घालून उभी राहिले. पाव मी आणलाच नव्हता. मुद्दाम नाही आणला.

"हे जनावर कुणाचं?" मामीनं विचारलं.

कुणी बोललं नाही. बाबा शेफील्डला, कामावर. घरची म्हणजे मीच.

"हे जनावर कुणाचं?"

लोक माझ्याकडं बघायला लागले. आजी बघत नव्हती. ती मेंढीच्या लोकरीतली काडी काढत होती, सावकाश, जणू तिला घाई नाही. आणि मग मी बघितलं, मामीचा हात तिच्या पर्समध्ये गेला. आत कागदात गुंडाळलेला पाव होता. तिनं बरोबर आणला होता. कुणी आलं नाही तर ती स्वतःच म्हणणार होती, आमचं. पिंडरांचं.

ते मला सहन झालं नाही.

"हे जनावर कुणाचं?" मामीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि पुढं तोंड उघडायच्या आत मी फाटकाला जाऊन थडकले.

"बर्डसॉलांचं," मी म्हटलं. "क्लिफर्ड बर्डसॉलच्या घरचं. कान बघा, नाक बघा, हेकटपणा बघा. आमचंच आहे."

आजीनं मान वर केली. "आणि पाव?"

"पाव नाही."

"मग कशी सोडवणार?"

मी मामीकडं हात पसरला. मामीनं पाव माझ्या हातात ठेवला. मी तो फाटकावरून आत धरला.

"हा कुणाचा?" आजीनं विचारलं.

"तुला बाहेर यायचंय का नाही?"

"तिचा असेल तर नको."

"दुकानातला आहे, हिल्डा," मामी म्हणाली. "मी भाजलेला नाही."

आजीनं जरा विचार केला. मग पाव घेतला, तुकडा मोडला, चावला. "शिळा आहे," ती म्हणाली, आणि मामीनं कुलूप काढलं.

बाहेर येताना ती मामीसमोर थांबली. तिच्याकडं न बघता, किल्लीकडं बघत म्हणाली, "तुझ्या वेळी मी पाव भाजला होता. घेऊन निघाले पण होते. दारातून परत गेले."

"माहितेय," मामी म्हणाली. "वास येत होता."

मग गॉर्डननं गाडी सुरू केली आणि मामी हलला गेली. घरी आल्यावर आजीनं किल्लीची लाल फीत कात्रीनं कापून टाकली. म्हणाली, तिला सेंटचा वास येतो. मग माझ्या जुन्या कामाच्या बुटांची काळी नाडी काढून तिच्यात किल्ली ओवली आणि गळ्यात घातली. मला विचारलं पण नाही. मी दुसरी नाडी तिच्याकडं सरकवली. एक तुटली तर असावी.

आता पाहुणे तिच्याकडं येतात. परवा एका बाईनं विचारलं, "तुम्हीच मिसेस पिंडर ना?"

"पिंडर मी," आजी म्हणाली. "आडनाव बर्डसॉल. मिसेस पिंडर हलला असते. फोटोत तीच बरी दिसायची म्हणतात."

अजून जळते. मीही जळते, खोटं कशाला बोलू. सकाळी उठवायला मी चारदा हाक मारते, तेव्हा ती पांघरुणातून हूं म्हणते. आणि फोन वाजून कुणी म्हणालं की हिल्डा, मेंढ्या रस्त्यावर आल्यात, की मी जिना उतरेपर्यंत तिचे बूट दारात नसतात.